वार पाळणूक

गावदेवीच्या यात्रेआधी ठरलेल्या मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्या गावाने शिवारातले काम बंद ठेवण्याची रीत. बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी गावांत, तसेच बेळगाव शहरात सामावलेल्या वडगाव-शहापूरच्या शेतकरी गल्ल्यांत ती आजही चालते. वडगावच्या मंगाई देवीची यात्रा आषाढातल्या मंगळवारी भरते. तिच्याआधीच्या वारांना भर शहरात राहणारा शेतकरीही औत बाहेर काढत नाही.

पंच आणि पुजारी देवीला गाऱ्हाणे घालतात, वार किती पाळायचे ते ठरते (बहुधा पाच) आणि गल्लोगल्ली डांगोरा पिटला जातो. आता रिक्षावरचा भोंगा आणि व्हॉट्सअ‍ॅपही असतात. त्या दिवशी नांगर, कुळव, कोळपे जुंपायचे नाही, भांगलणीला (खुरप्याने तण काढायला) जायचे नाही. धार काढणे, गोठा, दुकान, नोकरी यांना आडकाठी नसते. उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीवर गेलेल्या मुलाने वार मोडला असे कुणी म्हणत नाही. त्याच घरातली आई खुरपे घेऊन बांधावर दिसली तर मात्र बोलणी बसतात. उपवास एकट्याचा असतो, वार गावाचा. एकाने मोडला तर देवीचा कोप सगळ्यांवर, या समजुतीमुळे राखण शेजारीच करतात.

खरी अडचण हंगामाची. आषाढात पेरभाताची (रोपे न लावता थेट पेरलेल्या भाताची) कोळपणी-भांगलण ऐन भरात असते. पाच वार म्हणजे अडीच आठवड्यांत पाच दिवस. त्यात पाऊस आपले दिवस वेगळे खातो. उघडीप नेमकी वाराला मिळाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झड लागली, तर वाफसा (मशागतीला जमेल इतपत सुकलेली ओल) वाया जातो. कोवळे तण कोळप्याने उपटते. मुळे धरली की खुरप्याशिवाय निघत नाही आणि मजुरी वाढते. म्हणून जाणता शेतकरी आदल्या दिवशीच कोळपे फिरवतो, दोन दिवसांची वैरण कापून ठेवतो. पण सोमवारी लिंगायत शेतकरी बसवण्णांचा वार म्हणून बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्यांचे बैल भाड्याने आणणाऱ्याचे सोमवार-मंगळवार असे दोन्ही दिवस जातात. भेंडी-काकडीवाल्यांचे दुखणे वेगळे: तोडा एक दिवस चुकला की माल जून होतो. रोजंदारीवरच्या बायकांचे तर आठवड्यातले दोन पगार सरळ बुडतात, आणि वार किती पाळायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या सहसा नसतात.

काम थांबवून दिवस पवित्र करण्याची कल्पना जगभर आहे, मोजमाप निरनिराळे. ज्यू शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्र पडल्यावर सुटतो. त्यात कामाचे ३९ प्रकार वर्ज्य आहेत. विस्तव पेटवणे त्यांपैकीच, म्हणून काटेकोर पाळणारे विजेचे बटणही दाबत नाहीत, आणि इस्राएलमधल्या अनेक इमारतींत त्या दिवशी लिफ्ट आपोआप मजल्यामजल्यावर थांबत जाते. मुसलमानांच्या जुम्म्याला दिवसभराची सुट्टी सांगितलेली नाही. नमाजाची हाक आली की सौदा थांबवायचा आणि नमाज संपली की पुन्हा कामाला लागायचे. जर्मनीत रविवारची विश्रांती राज्यघटनेतच आहे. चर्चला न जाणाऱ्यालाही बहुतेक दुकाने बंदच मिळतात. पाळणारा आणि न पाळणारा यांना एकाच फासात धरणारा हा प्रकार वार पाळणुकीच्या सर्वांत जवळचा.

ट्रॅक्टर आल्यापासून शब्बाथच्या बटणासारखाच पेच वार पाळणुकीतही आहे. मनाई औत जुंपण्याची आहे, आणि ट्रॅक्टरला कुणी जुंपत नाही. मनाई बैलांच्या विश्रांतीसाठी असेल तर ट्रॅक्टर चालायला हवा. जमिनीत फाळ खुपसू नये म्हणून असेल तर रोटर (ट्रॅक्टरचे माती उकरणारे अवजार) आणि नांगर सारखेच. पंपाचे त्याहून अवघड: थ्री-फेज वीज पाळीने येते, आणि पाळी वाराला आली तर उभ्या उसाला पाणी सोडायचे की नाही, याचे उत्तर गावागणिक बदलते.