पोर्ट वाइनमध्ये ब्रँडी आली कुठून?

गोव्याहून परतणाऱ्यांच्या बॅगेत 'पोर्ट वाइन'ची एखादी बाटली बरेचदा असते. हे नाव पोर्तुगालच्या पोर्तू शहरावरून पडलं. पण मूळ पोर्ट तयार होते त्या शहरापासून बरीच आत, दोरू नदीच्या खोऱ्यात, आणि तिच्यातली गोडी द्राक्षाचीच असते.

तिथले डोंगर उभ्या चढाचे, खडक थराथरांचा. पायऱ्यापायऱ्यांची शेतं बांधून वेली लावलेल्या. तोडणी झाली की द्राक्षं 'लागार' नावाच्या उथळ दगडी हौदात पडतात. काही मळ्यांत ती अजून पायांनीच तुडवतात. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेत उभी राहतात आणि गुडघ्यांच्या वर आलेल्या रसात एका तालावर पाऊल उचलतात. ही नुसती हौस नाही. तळपायाखाली बी फुटत नाही, त्यामुळे कडवटपणा उतरत नाही. शिवाय रस आंबायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात, तेवढ्यात सालीचा रंग सुटायला हवा.

दोन-तीनच दिवस, कारण निम्मी साखर आंबली की रसात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू, म्हणजेच ब्रँडी, ओततात. साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. तयार वाइन १९ ते २२ टक्क्यांची.

ही रीत मात्र सुरुवातीपासूनची नाही. सतराव्या शतकात फ्रान्सशी बिनसल्यावर इंग्रज व्यापारी पोर्तुगालकडे वळले. १७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगालमध्ये झालेल्या मेथ्युएन तहाने इंग्लंडात पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठरली आणि धंदा फोफावला. समुद्रप्रवासात माल बिघडू नये म्हणून पिंपात थोडी ब्रँडी घालत, पण बहुधा वाइन आंबून झाल्यावर. म्हणजे ती पोर्ट आजच्याइतकी गोड नव्हती.

मागणीपाठोपाठ भेसळ आली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळू लागले, नाव बदनाम झालं, भाव कोसळले. १७५६ साली पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने सरकारी कंपनी काढली, खोऱ्याची हद्द ठरवून ग्रॅनाइटचे ३३५ दगड रोवले आणि एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. द्राक्षप्रदेशाची अशी कायदेशीर आखणी जगातल्या पहिल्या काहींपैकी.

ब्रँडीचा वाद पेटला पुढच्या शतकात. १८२० साली द्राक्षं विलक्षण गोड उतरली, आणि गिऱ्हाईक दरवर्षी तसलीच वाइन मागू लागलं. आंबणं मध्येच थांबवायची रीत मग हळूहळू पक्की होत गेली. जोसेफ जेम्स फॉरेस्टर या व्यापाऱ्याला हे पटेना. दोरूचा तपशीलवार नकाशा काढणारा हा माणूस. १८४४ साली त्याने पत्रक छापून ब्रँडी आणि भेसळ दोन्हींवर झोड उठवली. मला त्याचा संताप समजतो: द्राक्षाची चव झाकली जाते, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भेसळीबाबत तर तो पूर्णपणे बरोबर होता. पण त्याने ब्रँडी आणि भेसळ एकाच तराजूत घातली, तिथे त्याचं चुकलं असं मला वाटतं. चांगल्या रसात, नेमक्या वेळी पडलेली ब्रँडी पोर्टला पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षं मुरण्याचं बळ देते.

१८६१ साली दोरूवरच्या व्हालेइराच्या धारेत नाव उलटून फॉरेस्टर त्याच नदीत बुडाला. नावेत दोरूतली मोठी मळेवाली दोना आंतोनिया फेरेइरा हीदेखील होती. ती वाचली. तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगतं ठेवलं, असं तिथे आजही सांगतात.