रूप तेच, जात वेगळी: इंग्रजीतील 'कन्व्हर्शन'ची पार्श्वभूमी

जुन्या इंग्रजीत 'प्रेम' या अर्थाचे नाम 'लुव्हू' होते आणि क्रियापद 'लुव्हियन'. शब्दाची जात शेवटच्या प्रत्ययावरून कळत असे. १०६६ च्या नॉर्मन विजयाआधीच सुरू झालेली प्रत्ययांची झीज १५०० च्या सुमारास जवळपास पूर्ण झाली आणि दोन्हींच्या जागी 'लव्ह' एवढेच उरले. पुढे, प्रत्ययांचा अडसर नसल्याने, कोणतेही नाम क्रियापदासारखे चालवण्याची सवय रुळली.

खरा गुंता झाला तो या प्रक्रियेला काय म्हणावे याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'कन्व्हर्शन' ही संज्ञा मांडताना एक कडक कसोटी घातली गेली: शब्दाने नव्या जातीची सगळी रूपलक्षणे (वचन, काळ यांचे विकार इत्यादी) स्वीकारली, तरच त्याची जात बदलली असे मानावे. 'वॉक' हे क्रियापद नाम होताना अनेकवचनही घेते, म्हणून ते उत्तीर्ण. 'स्टोन वॉल'मधील 'स्टोन' मात्र विशेषणाच्या जागी बसूनही नामच राहते, कारण त्याच्या आधी 'व्हेरी' लावता येत नाही. आपल्याकडच्या शालेय तक्त्यांत त्याला बिनदिक्कत विशेषण म्हटलेले आढळते, ही गोष्ट वेगळी. विसाव्या शतकात दुसऱ्या पक्षाने असे मांडले की येथेही प्रत्यय लागतोच, फक्त तो शून्य असतो. संस्कृतातील 'क्विप्' प्रत्यय, जो लागतो आणि संपूर्ण लोपतो, ठाऊक असलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पण नामाचे क्रियापद करणारे शून्य वेगळे आणि क्रियापदाचे नाम करणारे वेगळे, अशी सारखीच अदृश्य पण निरनिराळी शून्ये मानावी लागतात; हा हिशेब फार महाग पडतो. शब्द नव्याने घडतो, एवढे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे: घंटा वाजण्याच्या अर्थी 'रिंग'चा भूतकाळ 'रँग', पण 'कडे' या नामापासून आलेल्या, वेढा घालण्याच्या अर्थी 'रिंग'चा भूतकाळ 'रिंग्ड' असा नियमितच होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत 'काँटॅक्ट' क्रियापद म्हणून वापरण्यावर शुद्धतावाद्यांनी कडाडून टीका केली; आज त्यात फारसे कोणाला काही खटकत नाही. 'गूगल'च्या बाबतीत हरकत व्याकरणाची नव्हती. २००६ मध्ये प्रमुख इंग्रजी शब्दकोशांनी ते क्रियापद म्हणून नोंदवले आणि त्याच वर्षी, व्यापारचिन्हावरील हक्क पातळ होईल या भीतीने, मालक कंपनीने ते केवळ आपल्याच शोधयंत्रावरील शोधासाठी वापरावे, असे लोकांना सांगितले.