साइड बाइट की थ्रस्टरची साइड फिन? लाँगबोर्डला कोणती लावावी

लाँगबोर्ड म्हणजे सर्फिंगचा लांब बोर्ड. त्याच्या तळाला शेपटाकडे (मागच्या टोकाकडे) फिन, म्हणजे माशाच्या परासारखे पंख, बसवायला मधोमध एक लांब खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी खाच असेल, तर त्या मांडणीला टू प्लस वन म्हणतात. बाजूच्या खाचांत लावायच्या छोट्या फिन म्हणजे साइड बाइट. घोळ बाजूच्या खाचांमुळे होतो. त्यांत शॉर्टबोर्डच्या, म्हणजे आखूड सर्फबोर्डच्या, साइड फिनही बसतात, आणि बसतात म्हणून लोक त्याच लावून मोकळे होतात.

शॉर्टबोर्डवरच्या तीन फिनच्या मांडणीला थ्रस्टर म्हणतात. तिच्या साइड फिन वेगळ्या कामासाठी आहेत. ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसनने १९८१मध्ये गाजवलेल्या त्या मांडणीत तिन्ही फिन जवळपास सारख्या आकाराच्या असतात आणि भार वाटून घेतात. मध्यम मापाची अशी फिन साधारण साडेचार इंच उंच भरते. साइड बाइट मात्र सव्वातीन ते पावणेचार इंचांच्या असतात. लाँगबोर्ड धरून ठेवण्याचं मुख्य काम मधली मोठी फिन करते. बाजूच्या दोघी तिच्या मदतनीस. बोर्ड कडेवर कलला की लाटेच्या बाजूची पाण्यात रुतते आणि शेपूट घसरू देत नाही.

मध्ये ७ इंची फिन आणि बाजूला साडेचार इंची जोडी लावली, तर पाण्यात फिनचं क्षेत्रफळ फार होतं. बोर्ड रुळावर चालल्यासारखा सरळ जातो. शेपटावर पाय कितीही दाबा, वळण उशिरानेच सुरू होतं. मऊ लाटेवर तर नाकाकडे (बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे) चालत जाताना वेगही मरतो. आणि मग दोष बोर्डाला दिला जातो.

म्हणून माप ठरवताना सुरुवात मधल्या फिनपासून करा. एकटी फिन वापरायची असेल, तर बोर्डाच्या प्रत्येक फुटाला एक इंच हा जुना हिशेब आहे, म्हणजे ९ फुटी बोर्डाला ९ इंची. साइड बाइट लावल्या की त्यातून दीड ते दोन इंच कमी करायचे: ७ किंवा साडेसात. ७०-८० किलो वजनाच्या माणसाला बाजूला साडेतीन इंची जोडी बहुतेक वेळा पुरते. हलक्या माणसाने सव्वातीन घ्यावी; वजन जास्त असेल किंवा लाट उभी आणि वेगवान असेल, तर पावणेचार. बोर्ड अडखळतोय की घसरतोय ते नक्की कळत नसेल, तर आधी बाजूच्या नव्हे, मधल्या फिनशी खेळा. लांब खाचेत ती अर्धा इंच पुढे सरकवली की बोर्ड मोकळा वळतो, मागे नेली की ताठ होतो. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

लाँगबोर्डला थ्रस्टरची जोडी कधीच लावू नये, असं मात्र नाही. डोक्याहून उंच लाटांत तीक्ष्ण वळणं घ्यायची असतील, तर मध्ये ५ इंचांच्या आसपासची फिन आणि बाजूला साडेचार इंची चालते. अट इतकीच की मधली फिन खरोखर लहान हवी.

याउलट, गोव्यात मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कमरेएवढ्या मऊ लाटेला बाजूच्या दोन्ही फिन काढून टाकणंच उत्तम. मग मध्ये ९ इंची लावा. ७ इंची एकटीच ठेवली, तर जोरात वळताना शेपूट सुटतं.

विकत घेण्याआधी खाच तपासा. एफसीएस आणि फ्यूचर्स या फिन बनवणाऱ्या दोन कंपन्या, आणि दोघींच्या खाचा वेगळ्या. जुन्या एफसीएसच्या फिनला दोन छोटे दात असतात, फ्यूचर्सच्या फिनचा पाया एकसंध आणि लांब असतो. एकाची फिन दुसऱ्यात थेट बसत नाही. लावताना तळव्याने दोन्ही बाजू चाचपून बघा: साइड फिनची सपाट बाजू आत, मधल्या फिनकडे, आणि फुगीर बाजू बाहेर, बोर्डाच्या कडेकडे यायला हवी. मधली फिन दोन्हीकडून सारखीच फुगीर असते, त्यामुळे तिथे चूक व्हायला वाव नाही. जुन्या एफसीएसचे स्क्रू ३/३२ इंची ॲलन कीने आवळतात. स्क्रू दाताला घट्ट टेकला की थांबा. त्यापुढे जोर लावला की खाचेतले आटे झिजतात, मग फिन लाटेत कधी निसटली ते किनाऱ्यावर आल्यावरच कळतं.