स्व-पर विवेक (प्रतिकारविज्ञान व संगणकशास्त्र)

शरीराचे स्वतःचे घटक आणि बाहेरून आलेले घटक यांत फरक करण्याची प्रतिकारसंस्थेची क्षमता. तसेच या कल्पनेवर बेतलेल्या संगणकीय पद्धती.

संकल्पनेचे श्रेय सामान्यतः ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांना दिले जाते. काही इतिहासकार ती १९०० च्या सुमारास पॉल एर्लिख यांच्यापर्यंत मागे नेतात. मात्र एर्लिख यांचा प्रश्न शरीर स्वतःवरच का उलटत नाही एवढाच होता. ‘स्व’ची ओळख जन्मजात नसून घडत जाते, या विचाराला आधार मिळाला तो रे ओवेन यांच्या १९४५ मधील निरीक्षणाने. गर्भावस्थेत रक्ताभिसरण जोडलेले असलेली जुळी वासरे पुढेही एकमेकांच्या रक्तपेशी बाळगतात आणि त्यांना परके मानीत नाहीत, असे त्यांना आढळले. बर्नेट व फ्रँक फेनर यांनी १९४९ मध्ये त्यावरून ‘स्व’ची ओळख अशी घडत जाते, हा सिद्धांत मांडला. पीटर मेडावार यांच्या गटाने १९५३ मध्ये उंदरांवर त्याची प्रायोगिक पुष्टी केली. बर्नेट व मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीवंशाच्या निवडीचा सिद्धांत (परक्या घटकाशी जुळणाऱ्या पेशीचीच निवड होऊन तिचा वंश वाढतो, असा विचार; १९५७) बर्नेट यांच्या नावे प्रसिद्ध असला, तरी त्याच वर्षी डेव्हिड टॅल्मेज यांनी स्वतंत्रपणे तशीच मांडणी केली होती, आणि प्रतिपिंडांच्या (परक्या घटकांना चिकटणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या) निवडीची मूळ कल्पना नील्स येर्ने यांनी १९५५ मध्येच मांडलेली होती. श्रेय विभागून देणे अधिक सयुक्तिक ठरते.

संगणकशास्त्रात ही कल्पना दोन वाटांनी आली. त्यांची अनेकदा गल्लत होते.

पहिली वाट सुरक्षेची. स्टेफनी फॉरेस्ट, ॲलन पेरेलसन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘नकारात्मक निवड’ पद्धती मांडली. थायमस ग्रंथीत स्वतःच्या घटकांना चिकटणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) बाद होतात. त्याच धर्तीवर यादृच्छिक शोधक (जुळणी तपासण्याचे नमुने) तयार करून नेहमीच्या माहितीशी जुळणारे शोधक टाकून दिले जातात आणि उरलेले पहारा देतात. नाशिकरोडला छापलेली खरी नोट हाताच्या सवयीची झाली की बनावट नोटांची यादी पाठ करावी लागत नाही, तसे हे तत्त्व. अडचण अशी की माहितीचा व्याप वाढला की लागणाऱ्या शोधकांची संख्या अवाच्या सवा वाढते. शिवाय संगणकाचा ‘नेहमीचा’ वापर रोज बदलतो, त्यामुळे खोटे इशारे फार मिळतात. पॉली मॅट्झिंगर यांच्या ‘धोका सिद्धांता’नुसार (१९९४) प्रतिकारसंस्था परकेपणाला नव्हे, तर इजेच्या संकेतांना प्रतिसाद देते. २००२ पासून काही संगणकतज्ज्ञ त्याकडे वळले, ते याच अडचणीमुळे.

दुसरी वाट चिलीचे जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को व्हरेला (१९४६–२००१) यांची. प्रतिपिंडे एकमेकांनाही ओळखतात व त्यांचे जाल बनते, या येर्ने यांच्या प्रतिपिंडजालाच्या सिद्धांतावरून (१९७४) व्हरेला यांनी नेल्सन वाझ यांच्यासह १९७८ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रतिकारसंस्था शत्रूशी लढणारी फौज नसून स्वतःचेच संतुलन राखणारे जाल आहे. ‘पर’ म्हणून तिला काही दिसतच नाही. ह्यूग बेर्सिनी यांच्यासह १९९० मध्ये त्यांनी या जालावरून संगणकीय रीतीही सुचविली. जालसिद्धांत पुढे प्रतिकारविज्ञानात मागे पडला.

मानव-संगणक आंतरक्रियेवर (माणसे संगणक कसा वापरतात याच्या अभ्यासावर) व्हरेलांचा प्रभाव या प्रतिकारविषयक लेखनातून पडला, असे म्हटले जाते. ते पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. टेरी विनोग्राड व फर्नांडो फ्लोरेस यांच्या १९८६ च्या ग्रंथाने आधार घेतला तो उंबेर्तो मातुराना व व्हरेला यांच्या सजीवांच्या स्वनिर्मितीविषयीच्या, म्हणजे सजीव स्वतःला सतत घडवत राहतो या विचाराचा. साधन सुरळीत चालू असते तोवर ते जाणवत नाही, अडले की जाणवते, हा त्यातील बहुचर्चित मुद्दा तर जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांच्याकडून आलेला आहे. दोन्ही शास्त्रांत ‘स्व’ आहे खरा, पण तो एकच नव्हे.

नाशिकमध्ये या विषयाचे दोन भाग दोन विद्यापीठांकडे येतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न महाविद्यालयांत प्रतिकारविज्ञान सूक्ष्मजीवशास्त्राच्या अंगाने शिकवले जाते; संगणकविषयक दूरशिक्षण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात (१९८९) मिळते. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे असलेले, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील रमेश रासकर यांच्या पुढाकाराने येथे ‘कुंभाथॉन’ कार्यशाळा झाल्या. गर्दी व आरोग्य यांसारख्या प्रश्नांवर मोबाइलच्या साहाय्याने उपाय शोधणे हा त्यांचा एक भाग होता. तो आंतरक्रियेच्या कक्षेत येतो. स्व-पर विवेकाशी त्याचा थेट संबंध नाही.