कृमींच्या पेशीबाह्य पुटिका

परजीवी कृमी आपल्या अंगातून बाहेर सोडतात त्या पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या. बहुतेकींचा व्यास ३० ते १५० नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या मध्येच चेपलेल्या वाटीसारख्या दिसतात, पण तो नमुना सुकवण्याचा परिणाम. मुळात त्या गोलच असतात. आत प्रथिने, मेद आणि लहान आरएनए असतात.

कृमींच्या स्रावात सापडणाऱ्या बऱ्याच प्रथिनांवर स्रावासाठी लागणारी नेहमीची खूणच नसते. मग ती बाहेर पडतात कशी? यकृतकृमी फॅसिओला आणि आतड्यातला एकायनोस्टोमा यांच्या पुटिका २०१२ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी दाखवल्या, तेव्हा हे कोडे बरेचसे सुटले.

कृमीचे वय बदलले की पुटिकाही बदलतात. हत्तीरोगाच्या ब्रुगिया मलाई या कृमीत हे चांगले दिसते. त्याची तिसऱ्या अवस्थेतली अळी डासाच्या सोंडेतून त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आत घुसते. नव्या घरात पाऊल टाकणारी ही अळी पुटिका भरपूर सोडते, त्या मानाने प्रौढ कृमी हात आखडता घेतात, असे २०१५ मध्ये आढळले. या पुटिका उंदराच्या महाभक्षी पेशींनी (बाहेरचे कण गिळणाऱ्या प्रतिकारपेशींनी) आत घेतल्या आणि त्या पेशींची वागणूक बदलली. प्रौढांतही नर-मादींच्या पुटिकांतला ऐवज वेगळा निघाला. रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा या चपट्या कृमीच्या तर अंड्यांतूनही पुटिका निघतात.

यजमानाची प्रतिकारशक्ती थोपवणे हे त्यांचे मुख्य काम दिसते. उंदरांच्या आतड्यातील हेलिग्मोसोमॉइडिस या गोलकृमीच्या पुटिकांनी उंदरांमधली ॲलर्जीची दाहक्रिया दबली (२०१४). उलट, त्याच पुटिकांची लस टोचल्यावर उंदरांना कृमीपासून संरक्षणही मिळाले.

आयव्हरमेक्टिन या कृमिनाशक औषधाचे एक जुने गूढ आहे: हत्तीरोगाच्या रुग्णाच्या रक्तातून मायक्रोफायलेरिया, म्हणजे कृमीची सूक्ष्म पिल्ले, झपाट्याने नाहीसे होतात, पण औषधाच्या तेवढ्याच मात्रेने काचपात्रात त्यांना फारसे काही होत नाही. हे औषध ब्रुगियाचे पुटिका सोडणे रोखते. कवच गेलेला कृमी प्रतिकारशक्तीच्या तावडीत सापडत असावा, असे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण त्यातून निघते. विदर्भातला हत्तीरोग मात्र मुख्यतः वुचेरेरिया या दुसऱ्या कृमीचा, आणि तो कृमी प्रयोगशाळेत पोसणे फार अवघड.

अभ्यासाचे पारडे प्रौढांकडे झुकलेले आहे. प्रौढ यकृतकृमी कत्तलखान्यातल्या यकृताच्या पित्तनलिकांतून ओंजळभर मिळतात; तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांसाठी मात्र संसर्ग झालेले डास फोडावे लागतात.