रुग्णालयाची मालकी आणि कारभार (मराठवाडा)

रुग्णालय सरकारी असण्या-नसण्याने तिथल्या पैशाचा, माणसांचा आणि खाटांचा वापर किती चोख होतो, हा आरोग्य-अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. मराठवाड्यात तो घाटीच्या दारात रोज दिसतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्थापना 1956) रुग्णालय याच नावाने ओळखले जाते. खासगी दवाखान्यात डिपॉझिट भरून पैसे संपले की नातेवाईक म्हणतात, ‘आता घाटीला न्या.’ असा रुग्ण दगावला तर मृत्यूची नोंद घाटीच्या नावावर होते, म्हणून नुसते मृत्युदर शेजारी-शेजारी मांडून कोण सरस हे ठरवता येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात होते. तेव्हा अत्यवस्थ अवस्थेत बाहेरून आलेल्या रुग्णांचा मुद्दा पुढे आला, तसाच औषधटंचाईचा आणि रिक्त पदांचाही.

हे शेवटचे दोन मुद्दे खरे कारभाराचे. महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात अधिष्ठात्यावर (डीनवर) जबाबदारी असते, पण पदभरती आणि मोठी खरेदी त्याच्या हातात नसते. औषधखरेदी काही वर्षे हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. शिवाय जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. रुग्णाला दोन्ही ‘सरकारी’च.

खासगी दवाखान्यात मालक डॉक्टर एका फोनवर यंत्र दुरुस्त करून घेतो. हा वेग मोलाचा आहे, पण तो कशासाठी वापरला जातो हेही पाहावे लागते. बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड करणाऱ्या 82,309 महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘पिशवी काढणे’ हा तिथला रुळलेला शब्द. खाडा झाला की मजुरी कापली जाते, डोक्यावर मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) असते, म्हणून बाईलाही दुखणे एकदाचे मिटवायचे असते, आणि दवाखान्याला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळतात. खाटा भरलेल्या, शस्त्रक्रियागृह चालू, हिशेब चोख. शस्त्रक्रियेची गरज होती का, हे त्या हिशेबात येत नाही. पुढे जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

नफा वाटून न घेणारी न्यासाची (ट्रस्टची) रुग्णालये हा तिसरा प्रकार. लातूरचे विवेकानंद रुग्णालय 1966 पासून आहे.

मालकी खासगी आणि पैसे सरकारचे, अशी सरमिसळ आता सर्रास दिसते. ठरावीक उपचारांचा खर्च सरकार उचलते ती राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते; 2017 पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. योजनेतल्या खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचे टेबल असते. रेशनकार्ड मुठीत धरून आलेला नातेवाईक डॉक्टरांआधी तिथेच विचारतो, ‘साहेब, हे योजनेत बसतंय का?’