गोदावरीतली जलपर्णी दरवर्षी परत का येते, जरा मागची गोष्ट

उन्हाळ्यात नांदेडच्या घाटावर गेलं की पाण्याआधी जलपर्णी दिसते. मशिनी लावून काढतात, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या भरतात आणि दोन-तीन महिन्यांत परत तेवढीच. एक रोप उपसून बघा, मुळं काळी, पिसासारखी, नुसती पाण्यात लोंबकळत असतात, म्हणजे ही थेट पाण्यातूनच जेवते. मग पाण्यात एवढं जेवण आलं कुठून?

ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळं फूल छान दिसतं म्हणून 19व्या शतकाच्या शेवटी बंगालात आणली आणि तिथं इतकी माजली की 1936 मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पण बी कुठूनही येवो, माजायला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) लागतं.

नत्राची गोष्ट 1909 ची. हाबर या जर्मन शास्त्रज्ञानं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, 1913 मध्ये कारखाना सुरू झाला, त्याआधी आपल्याकडं शेताला नत्र मिळायचं ते मुख्यतः शेणखतातून नाहीतर तूर-हरभऱ्याच्या मुळांतून. आपल्याकडं 1960 नंतर संकरित बियाणं आणि युरियाचं पोतं सोबतच आलं. 1965 ला गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी, 1976 ला उद्घाटन, कालव्याचं पाणी आलं तसा ऊस वाढला, खतही वाढलं. 2010 मध्ये डीएपी (स्फुरदाचं खत) आणि पोटॅशचे भाव सरकारनं मोकळे सोडले पण युरियाचा भाव सरकारनं धरूनच ठेवला, मग पान पिवळं दिसलं की टाक युरिया, आणि पिकाला न लागलेलं त्यातलं नत्र पाण्यासोबत नदीकडं. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, जे स्वस्त तेच तो टाकणार.

स्फुरदाचं मात्र बराच काळ कुणी मनावर घेतलं नव्हतं. तळी शेवाळानं हिरवी होतात ती कार्बनमुळं, असंही साबण पावडरवाल्यांकडून सांगितलं जायचं, कारण पावडरीत फॉस्फेट असायचं. 1973 मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधे चिंचोळं असलेलं एक तळं पडदा लावून दोन भागांत तोडलं, कार्बन आणि नत्र दोन्हीकडं टाकलं, स्फुरद फक्त एकीकडं, आणि तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेला तो फोटो बघितला की वाद संपतो.

आता आपल्याकडं बघा. स्फुरद काळ्या मातीच्या कणांना चिकटून बसतं, पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यासोबत नदीत येतं, वर गावोगावचे नाले, त्यात मैला आणि साबणाचं पाणी. हे सगळं गाळात मुरतं. उन्हाळ्यात पाणी आटून थांबतं, तळाचा ऑक्सिजन संपला की गाळ तेच स्फुरद परत सोडतो, म्हणून नवीन काही आलं नाही तरी हिरवळ येतेच. घाटावर एक भोई मामा म्हणाले, "पहाटं मासे वर तोंड काढायलेत, ऊन पडलं की खाली जातेत." बरोबरच आहे त्यांचं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेही श्वास घेतं, त्यामुळं पहाटे पाण्यात सगळ्यात कमी उरतो, आणि जलपर्णीची चादर असली तर खाली ऊनच जात नाही, हवाही नीट मिसळत नाही. एखाद्या पहाटे मग मासे तोंड काढून काढून तरंगायलाच लागतात.

आणि एवढी मेहनत करून काढलेल्या जलपर्णीचे ढीग मी काठावरच पडलेले बघितलेत, अगदी पाण्याला लागून. जूनमध्ये ते काळे पडून कुजले होते, वरून पाऊस, आणि त्यातून निघालेलं तपकिरी पाणी, तेच नत्र-स्फुरद घेऊन, सरळ नदीत चाललं होतं.